ग्राइंडिंगनंतर बार्कहाउसेन रीडिंग पुन्हा पुन्हा वाढतंय? मशीनला हात लावण्याआधी हे तपासा

लक्षण ओळखीचं आहे. केस हार्डन केलेले, म्हणजे फक्त वरचा थर कडक केलेले, गिअर किंवा शाफ्ट ग्राइंडिंगहून येतात, ग्राइंडिंगच्या उष्णतेने पृष्ठभाग जळला का हे पाहणाऱ्या बार्कहाउसेन यंत्रावर तपासले जातात, काही दिवस सगळं सुरळीत चालतं आणि मग एका लॉटमध्ये आकडे मर्यादेबाहेर जातात. लॉट अडकतो. ग्राइंडिंगवाले व्हील ड्रेस करतात (घासून पुन्हा धारदार करतात), फीड कमी करतात, कूलंटची टाकी उपसतात. आकडे कधी खाली येतात, कधी येत नाहीत. आले तरी थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. क्वालिटी म्हणते जॉब जळलाय, प्रॉडक्शन म्हणतं यंत्रच वेडं झालंय, आणि दोघांच्या मध्ये डिस्पॅचची गाडी गेटवर उभी.

हा प्रश्न एकदाचा सुटत नाही याचं मुख्य कारण माझ्या मते एकच आहे. यंत्रावर जो आकडा दिसतो तो पृष्ठभागात राहून गेलेल्या ताणाचा आहे असं सगळे धरून चालतात. तो ताणाचा नाही. तो चुंबकीय आवाजाचा आहे. ताण बदलला की तो बदलतो हे खरं. पण हार्डनेस बदलला तरी तो बदलतो, पोलादाची अंतर्गत रचना बदलली तरी बदलतो, आणि सेन्सर जॉबवर नीट टेकला नाही तरी बदलतो. चारपैकी काय हललं हे ठरवण्याआधी ग्राइंडिंगची सेटिंग बदलली, तर आकडा खाली येऊनही नेमकं काय दुरुस्त झालं ते कळत नाही. म्हणूनच तो परत येतो.

चुंबकामुळे ताण येतो का?

हे आधी मिटवून टाकू, कारण प्रत्येक मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतंच: मॅग्नेटिक चकवर धरल्यामुळे किंवा क्रॅक टेस्टिंगला चुंबकत्व दिल्यामुळे जॉबच्या पृष्ठभागावर ताण येत असेल का?

लोखंडाला चुंबकत्व दिलं की त्याची लांबी किंचित बदलते, हे जेम्स जूल यांनी १८४२ मध्ये दाखवलं. किंचित म्हणजे किती? लोखंडाच्या स्फटिकात दशलक्षात साधारण २० भाग, म्हणजे एक मीटर लांबीत २० मायक्रॉन. साध्या पोलादात, जिथे स्फटिक सगळ्या दिशांना पसरलेले असतात, त्याहूनही कमी. आता हा बदल पूर्ण अडवून धरला असं समजा. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक साधारण २,१०,००० मेगापास्कल आहे. त्याला दशलक्षात २० ने गुणलं की उत्तर येतं ४ मेगापास्कलच्या आसपास. ग्राइंडिंगमध्ये पृष्ठभागावर राहून जाणारा ताण शेकडो मेगापास्कलचा असतो. तेव्हा चकच्या चुंबकत्वाने जॉब जळल्यासारखा ताण आला, ही शक्यता यादीतून कायमची खोडून टाका.

चकवर वेगळा त्रास होतो, पण तो वेगळ्या कारणाने. पातळ प्लेट आधीच वाकडी असेल तर चक तिला ओढून सपाट करतो, वरून ग्राइंडिंग सपाट होतं आणि चक बंद केला की प्लेट परत उसळते. हा खेचून धरण्याचा परिणाम आहे. खाली पातळ शिम देऊन, आलटून पालटून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं मटेरियल काढलं की तो जातो. बार्कहाउसेनच्या आकड्याशी त्याची सांगड घालू नका.

उलट दिशेचा परिणाम मात्र मोठा आहे. चुंबकाने ताण फारसा हलत नाही, पण ताणाने चुंबकत्व चांगलंच हलतं. इटलीच्या एमिलिओ विलारी यांनी १८६५ मध्ये हे नोंदवलं आणि आपलं यंत्र याच पायावर उभं आहे.

यंत्र नेमकं ऐकतं काय

पोलादात चुंबकत्वाचे छोटे छोटे प्रदेश असतात. प्रत्येक प्रदेशात चुंबकत्वाची दिशा एक, शेजारच्यात वेगळी, आणि दोघांच्या मध्ये एक सीमा. बाहेरून चुंबकीय क्षेत्र बदललं की या सीमा सरकतात. पण त्या गुळगुळीत सरकत नाहीत. कार्बाइडचा कण, स्फटिकातला दोष, कणांची कड अशा ठिकाणी अडकतात आणि जोर वाढला की झटक्याने सुटतात. प्रत्येक झटक्याने जवळच्या वेटोळ्यात विजेची बारीक ठिणगीभर चाहूल उमटते. हाइन्रिख बार्कहाउसेन यांनी १९१९ मध्ये लोखंडाजवळचं वेटोळं अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं तेव्हा त्यांना जी खरखर ऐकू आली ती हीच. आज सेन्सरमधला छोटा विद्युतचुंबक जॉबचा तेवढाच भाग सेकंदाला शंभरएक वेळा उलटसुलट चुंबकित करतो, मधलं वेटोळं ती खरखर पकडतं आणि यंत्र तिचा एक आकडा काढून दाखवतं. त्या आकड्याला एकक नाही. तो ताणाचा मेगापास्कलही नाही आणि हार्डनेसचा रॉकवेलही नाही.

पोलादात खेचणारा ताण असेल तर प्रदेश त्या खेचेच्या दिशेला वळतात, झटके मोठे होतात, आकडा वाढतो. दाबणारा ताण असेल तर ते आडवे वळतात आणि आकडा घटतो. निकेलमध्ये हे नेमकं उलटं होतं, कारण चुंबकत्व दिल्यावर निकेल आखडतं. म्हणून निकेलच्या जाड प्लेटिंगवरून मोजलेल्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

हार्डनेसचं गणितही लक्षात ठेवा. कडक पोलादात अडथळे जास्त, सीमा फार हलत नाहीत, आकडा कमी. मऊ पोलादात आकडा जास्त.

ग्राइंडिंगमध्ये जॉब जळतो तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच बाजूला जातात. केस हार्डन जॉब कडक केल्यावर साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसला टेम्पर केलेला, म्हणजे पुन्हा हलका तापवलेला असतो. व्हीलखाली पृष्ठभाग त्यापेक्षा बराच तापला की तेवढा थर मऊ पडतो. शिवाय तापलेला थर फुगू पाहतो, खालचं थंड धातू त्याला फुगू देत नाही, तो थर दबून कायमचा आखूड होतो, आणि थंड झाल्यावर त्याला खालचा धातू ओढून धरतो. म्हणजे पृष्ठभागावर खेचणारा ताण राहतो. मऊपणाही आकडा वाढवतो आणि खेचही वाढवते. म्हणूनच ही पद्धत बर्न शोधायला इतकी चांगली चालते, आणि म्हणूनच लोक तिच्यावर नको तितका सरळ विश्वास ठेवतात.

पहिली तपासणी: मास्टर पीस

रीडिंग वाढल्याबरोबर जॉबकडे धावू नका. आधी मास्टर पीस, म्हणजे तुलनेसाठी राखून ठेवलेला नमुना जॉब मोजा, त्याच सेटिंगवर, त्याच सेन्सरने. मास्टरचा आकडा नेहमीसारखा आला तर यंत्र ठीक आहे. मास्टरही हलला असेल तर ग्राइंडिंगला फोन करू नका, सेन्सर उलटा करून बघा.

सेन्सरच्या टोकाला जे दोन पोल असतात ते जॉबच्या गोलाईला जुळवून घासलेले असतात. शेकडो जॉबवर घासून ते झिजतात, एका बाजूला जास्त. मग पोल आणि जॉब यांच्यात केसभर फट राहते आणि आकडा घसरतो. जळालेला जॉब पास होण्याचा हा सगळ्यात निमूट मार्ग आहे, कारण कमी आकड्याची तक्रार कुणी करत नाही. पोलच्या कडेला ग्राइंडिंगची बारीक काळी भुकटी चिकटलेली असते, ती कापडाने पुसून निघते. बोट फिरवलं की खरखरीत लागते. केबल कनेक्टरजवळ वाकवून बघा, आकडा नाचतोय का. व्हीलचा, पंपाचा किंवा जवळच्या ड्राइव्हचा विजेचा गोंगाटही आत शिरू शकतो, तेव्हा शेजारचं मशीन बंद असताना आणि चालू असताना मास्टर मोजून पाहावा.

मास्टर म्हणून कोणता पीस ठेवलाय हेही बघा. कुठून तरी उचललेला चांगला दिसणारा जॉब म्हणजे मास्टर नव्हे. एक चांगला आणि एक मुद्दाम ठरावीक प्रमाणात जाळलेला, असे दोन हवेत, त्याच पार्ट नंबरचे. जाळण्यासाठी लेझर वापरतात, कारण त्याने डाग हव्या त्या जागी आणि हव्या तेवढ्या खोलीचा करता येतो. दोन्ही आकड्यांमधलं अंतर टिकून आहे का, हे रोज शिफ्टच्या सुरुवातीला पाहिलं की सेन्सरच्या झिजेचा अंदाज आधीच येतो.

दिशा आणि जागा

सेन्सर ज्या दिशेने चुंबकित करतो त्या दिशेचा ताण त्याला मुख्यतः दिसतो. शाफ्टवर तो अक्षाच्या दिशेने ठेवला की एक आकडा येतो, परिघाच्या दिशेने ठेवला की दुसरा. ग्राइंडिंगच्या रेषांच्या दिशेने आणि त्यांना आडवा, हा फरक चांगल्या जॉबमध्येही असतो. रात्रपाळीचा इन्स्पेक्टर सेन्सर पाव वळणाने फिरवून धरतो आणि सकाळी सगळा लॉट लाल दिसतो, असं हाताने मोजणाऱ्या शॉपमध्ये सहज घडू शकतं. फिक्स्चर असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर जॉबचं चित्र काढून त्यावर सेन्सर कुठे आणि कसा, हे बाणाने दाखवून भिंतीवर लावा.

कॅमशाफ्टवर लोबचं (उंचवट्याचं) टोक, फ्लँक (बाजूचा उतार) आणि बेस सर्कल (उरलेला गोल भाग) यांची मर्यादा वेगळी ठेवा. गोलाई वेगळी, सेन्सरचा टेकाव वेगळा. गिअरवर दाताचा डावा आणि उजवा फ्लँक स्वतंत्र मोजा आणि स्वतंत्रच लिहा.

राहून गेलेलं चुंबकत्व

क्रॅक टेस्टिंगनंतर किंवा मॅग्नेटिक चकवरून उतरल्यावर जॉबमध्ये थोडं चुंबकत्व राहतं. सेन्सर स्वतःच त्या जागेला जोरात उलटसुलट चुंबकित करत असल्याने लहान जॉबमध्ये याचा आकड्यावर फार परिणाम होत नाही. पण लांब शाफ्ट, मोठी रिंग अशा जॉबमध्ये बाजूचं मोठं चुंबकत्व त्या छोट्या जागेला एका बाजूला ओढून ठेवतं आणि आकडा तिरका येतो. शिवाय चुंबकित जॉबला चिकटलेला लोखंडाचा भुगा सेन्सरखाली फट पाडतो. आणि पुढे बेअरिंगमध्ये तोच भुगा घेऊन जाण्याचा धोका वेगळाच.

गॉस मीटरने टोकाला, कोपऱ्यात आणि भोकाच्या कडेला मोजा. मधोमध मोजून काही कळत नाही. क्रॅक टेस्टिंगनंतर ३ गॉसच्या आत असावं ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी पाळली जाते. तुलनेसाठी सांगतो, पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आपल्याकडे ०.४ गॉसच्या आसपास आहे.

डीमॅग कॉइलची, म्हणजे चुंबकत्व काढणाऱ्या कॉइलची एक चूक इतकी सर्रास होते की ती इथे लिहावीशी वाटते. जॉब कॉइलमधून सावकाश बाहेर काढत मीटरभर दूर न्यायचा आणि मगच स्विच बंद करायचा. जॉब आत असताना स्विच बंद केला तर त्या क्षणाचं चुंबकत्व जॉबमध्ये तसंच राहून जातं, आणि डीमॅग केलेला जॉब डीमॅग न केलेल्यापेक्षा जास्त चुंबकित बाहेर येतो.

हीट ट्रीटमेंटचा लॉट

मास्टर ठीक, दिशा ठीक, चुंबकत्व ठीक, आणि तरी आकडे वर. इथे बहुतेक जण ग्राइंडिंगवर येतात. त्याआधी एक साधी गोष्ट करा, आणि माझ्या मते या सगळ्यात सर्वांत जास्त उपयोगाची हीच आहे: त्याच हीट ट्रीटमेंट लॉटचे अजून ग्राइंड न केलेले काही जॉब घ्या आणि त्यांचं रीडिंग घ्या. मागच्या चांगल्या लॉटच्या ग्राइंड न केलेल्या जॉबशी तुलना करा. फरक इथेच दिसला तर ग्राइंडिंग निर्दोष आहे. मशीनवर तासन्‌तास घालवायचे वाचतात, आणि दोन विभागांतली कटुताही.

ही तुलना करायची तर मागच्या लॉटचे दोन-चार जॉब बाजूला ठेवलेले असावे लागतात. प्रत्येक लॉटमधून ते राखून ठेवण्याची सवय लावा. खर्च नगण्य आहे.

फरक का पडतो? २०एमएनसीआर५, ईएन३५३ किंवा ८६२० यांसारख्या पोलादाच्या कार्बुराइज केलेल्या (कार्बन मुरवलेल्या) थरात क्वेंचिंगनंतर, म्हणजे तापलेला जॉब झटकन थंड केल्यावर, थोडं ऑस्टेनाइट (तापलेल्या पोलादाची रचना) शिल्लक राहतं. ते चुंबकीय नसतं, म्हणून यंत्राच्या दृष्टीने ते तिथे नसल्यातच जमा. भट्टीतलं कार्बन पोटेन्शियल (वातावरणातली कार्बन देण्याची क्षमता) वर-खाली झालं, क्वेंचिंगच्या तेलाचं तापमान बदललं की हे शिल्लक प्रमाण बदलतं आणि त्याबरोबर आकडाही. टेम्परिंग वीस अंश जास्त झालं, तर हार्डनेस ड्रॉइंगच्या मर्यादेतच राहतो, रिपोर्टवर ५९-६० रॉकवेल सी दिसतं, सगळं ठीक वाटतं. पण बार्कहाउसेनला तो फरक जाणवतो. यंत्र खोटं बोलत नाहीये. ते खरा फरक दाखवतंय, फक्त तो ग्राइंडिंगचा नाही.

हीट ट्रीटर बदलला, पोलादाची मिल बदलली, तर जुनी मर्यादा तशीच लावू नका.

आता ग्राइंडिंग

इथपर्यंत काही सापडलं नसेल, तर बर्न खरा असण्याची शक्यता दाट आहे. आता नायटल एच करा, म्हणजे सौम्य आम्लाच्या द्रावणाने पृष्ठभागावरचे डाग उघडे करा. ३ ते ५ टक्के नायट्रिक आम्ल अल्कोहोलमध्ये मिसळून हे द्रावण करतात. गिअरसाठी ही पद्धत आयएसओ १४१०४ मध्ये दिली आहे. जॉबवर तेलाचा अंश राहिला तर डाग तेलाचा की बर्नचा हे ओळखता येत नाही, तेव्हा धुणं नीट करा. चांगला फ्लँक एकसारखा करडा दिसतो. मऊ पडलेला भाग गडद तपकिरी ते काळा उमटतो, बहुधा दाताच्या उंचीला समांतर पट्ट्यासारखा किंवा टोकाजवळच्या डागासारखा. एच केलेले जॉब लगेच न्यूट्रल करून तेल लावून ठेवा, आणि ते डिस्पॅचमध्ये मिसळू देऊ नका. आम्ल अल्कोहोलमध्ये हळूहळू घालायचं, अल्कोहोल आम्लात नाही. तयार द्रावण घट्ट बुचाच्या बाटलीत साठवून ठेवायचं नाही, कारण आत वायू साठतो. तीव्रता वाढवून काम लवकर उरकण्याचा मोह धोक्याचा आहे.

बर्न आहे हे पक्कं झालं की तो कुठे आणि कधी येतो, याचा नमुना शोधा. ऑपरेटरला सांगा की ड्रेसिंगनंतरचा कितवा जॉब आहे तो आकडा प्रत्येक जॉबवर मार्करने लिही.

"साहेब, ड्रेसिंग तर दर वीस जॉबला ठरलेलंच आहे."

"माहीत आहे, भाऊ. ते कमी पडतंय का, तेच बघायचंय."

मग तो आकडा आडव्या अक्षावर आणि रीडिंग उभ्या अक्षावर मांडा. रेष सुरुवातीला सपाट राहून पंधराव्या-सोळाव्या जॉबपासून चढायला लागली, तर व्हील तिथे भरतंय किंवा बोथट होतंय आणि ड्रेसिंग आधी हवं. रेष ड्रेसिंगनंतरच्या पहिल्याच जॉबला वर असेल आणि नंतर खाली येत असेल, तर ड्रेसर घासलेला आहे किंवा ड्रेसिंगचा फीड फार बारीक ठेवलाय, त्यामुळे व्हील उघडण्याऐवजी चकाकी धरतंय. रेष सपाट पण पूर्णपणे वर असेल तर कारण ड्रेसिंगमध्ये नाहीच, कूलंटमध्ये किंवा फीडमध्ये शोधा.

आठवड्यांच्या हिशेबाने हळूहळू चढणारी आणि नवीन व्हील लावल्यावर अचानक खाली येणारी रेष असेल, तर कूलंटचा नोझल बघा. हे कारण फार वेळा नजरेतून सुटतं. व्हील झिजून लहान होतं, तशी व्हील आणि जॉब भेटण्याची जागा नोझलपासून दूर जाते. नोझल मात्र नव्या व्हीलच्या हिशेबाने बांधलेला असतो. कूलंट भरपूर पडतंय असं दिसतं, पण ते व्हीलच्या अंगावर पडतं आणि हवेच्या झोतात उडून जातं. जिथे ठिणग्या निघतात तिथे पोचत नाही. मशीनच्या दारातून दहा सेकंद नीट बघितलं तर धार कुठे फुटते ते दिसतं. व्हील बदलण्यापुरतं नव्हे, व्हील निम्मं झिजल्यावरही नोझल पुन्हा लावून घ्या. सोबत कूलंटचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने तपासा आणि फिल्टर बघा. सुट्टीनंतरच्या पहिल्या शिफ्टला आकडे वाढत असतील तर साचलेली टाकी आणि अर्धवट तुंबलेला नोझल हे पहिले संशयित.

गिअरच्या एकाच बाजूचे दात जळत असतील, म्हणजे समजा गिअरवर घड्याळातल्या बाराच्या जागी आकडा वर आणि सहाच्या जागी ठीक, तर व्हीलला दोष देऊ नका. हीट ट्रीटमेंटमध्ये गिअर वाकडा झाला किंवा मशीनवर बसवताना भोक मध्यावर आलं नाही. ज्या बाजूला मटेरियल जास्त आहे त्या बाजूला व्हील जास्त खणतं आणि तिथे जळतं. एकच फ्लँक, उजवा किंवा डावा, सगळीकडे वर असेल तर दाताची मध्यरेषा पकडण्यात फरक आहे, आणि एका बाजूने जास्त स्टॉक काढला जातोय.

कमी आकड्यावर विश्वास ठेवू नका

हे मी ठळक सांगतो, कारण यात जॉब ग्राहकाकडे जाऊन फुटतो. पृष्ठभाग टेम्परिंगच्या तापमानाच्या फार वर, साडेसातशे अंशांच्याही पुढे गेला, तर तो थर पुन्हा ऑस्टेनाइट होतो आणि खालच्या थंड धातूमुळे लगेच क्वेंच होतो. तयार होतो टेम्पर न झालेला, काचेसारखा ठिसूळ मार्टेन्साइट (क्वेंचिंगने बनणारी कडक रचना). एचिंगमध्ये हा भाग पांढरा दिसतो आणि भोवती काळी कडा. बार्कहाउसेनला तो पांढरा भाग अतिशय कडक वाटतो, म्हणून आकडा कमी येतो, कधी चांगल्या जॉबपेक्षाही कमी. सर्वांत वाईट बर्न आणि सर्वांत छान रीडिंग, एकाच जागी.

म्हणून मर्यादा फक्त वरची ठेवणं पुरेसं नाही. खालचीही ठेवा. आणि एका बिंदूवर टेकवून मोजू नका, सेन्सर पूर्ण परिघावर किंवा फ्लँकभर फिरवा. पुन्हा कडक झालेल्या डागाचा आलेख ओळखता येतो: आकडा झपकन वर जातो, मध्ये खड्डा पडतो, परत वर जातो. त्या दोन टेकड्या म्हणजे डागाभोवतीची मऊ कडा आहे. कमाल आकड्याएवढंच कमाल आणि किमान यांच्यातल्या अंतराकडे लक्ष द्या.

क्ष-किरणांचा रिपोर्ट जुळत नाही तेव्हा

शंका आली की जॉब क्ष-किरणांच्या पद्धतीने ताण मोजायला लॅबमध्ये जातो आणि कधी कधी रिपोर्ट येतो: दाबणारा ताण, सगळं उत्तम. मग पुन्हा वाद. दोन्ही यंत्रं बरोबर असू शकतात, कारण दोघं वेगवेगळ्या खोलीला बघतात. पोलादासाठी वापरतात त्या क्रोमियम नळीचे क्ष-किरण जेमतेम ५ मायक्रॉन आत जातात. बार्कहाउसेनचा आवाज फिल्टरच्या वारंवारितेनुसार काही दहा मायक्रॉन खोलीतून येतो, आणि वारंवारिता कमी केली की त्याहून खोलून. लॅबला सांगा की इलेक्ट्रोपॉलिशने थर काढत काढत २०, ५०, १०० मायक्रॉनला मोजा. एका पृष्ठभागावरच्या आकड्याने या वादाचा निकाल लागत नाही.

आणि यातूनच रफ ग्राइंडिंगचा छुपा बर्न समजतो. रफमध्ये जोरात मटेरियल काढताना जॉब खोलवर जळतो, मग फिनिशिंग वरचा थर सावकाश काढून टाकतं. वर चकचकीत, एचिंगला एकसारखा करडा, क्ष-किरणांना दाबणारा ताण. खाली मात्र मऊ आणि खेचलेला थर तसाच पडून. दातावर लोड आला की तडा तिथून निघतो. यंत्रावर फिल्टरचा खालचा पट्टा निवडायची सोय असेल तर अशा जॉबला दोन्ही पट्ट्यांवर मोजा. वरच्या पट्ट्यावर ठीक आणि खालच्यावर वर, असा जॉब बाजूला काढा.

मर्यादेबाहेर गेलेले जॉब हलक्या हाताने पुन्हा ग्राइंड करून आकडा खाली आणायचा आणि लॉट सोडायचा, हा सल्ला शॉपवर पटकन दिला जातो. त्यात हाच धोका आहे. आधी त्यांतला एक जॉब दातातून आडवा कापा, माउंट करून पॉलिश करा आणि पृष्ठभागापासून आत थोड्या थोड्या अंतरावर मायक्रोहार्डनेस घ्या. कडेपासून आकडे सुरळीत उतरत गेले तर पुन्हा ग्राइंड करायला हरकत नाही, ड्रॉइंगमधली केस डेप्थ (कडक थराची खोली) शिल्लक राहत असेल तर. मध्येच खड्डा पडून पुन्हा चढले तर तो लॉट ग्राइंडिंगने सुधारणारा नाही. हा निकाल हातात येईपर्यंत लॉटवरचा लाल टॅग काढू नका.